चमकेचा भाव: डब्यातल्या मेटॅलिक रंगाचा इतिहास

१/
रंगाचा स्प्रे-डबा हातात घेऊन हलवला की आत काहीतरी खडखडते. ती एक छोटीशी गोळी असते. साध्या पांढऱ्या रंगाचा डबा थोडा वेळ हलवला तरी भागते. पण गाडीसाठीचा चंदेरी मेटॅलिक रंग असेल तर डबा चांगली दोन-तीन मिनिटे हलवा, असे त्यावर बजावून लिहिलेले असते. कारण त्या डब्यात खरोखरीचा धातू असतो. तो रंगापेक्षा जड असल्यामुळे तळाशी जाऊन बसतो आणि त्याला पुन्हा वर उठवण्याचे काम ती गोळी करते.

२/
अंगणात उभ्या असलेल्या गाडीच्या दारावर हा धातू फवारणे आज कोणालाही शक्य आहे. डबा बाजारात मिळतो, बोटाने बटण दाबायचे, इतकेच. परंतु धातूची चमक बोटाच्या दाबाखाली येण्यास जवळजवळ तीन शतकांचा काळ लागला. त्या वाटेवर मासे आहेत, एका अभियंत्याने जपलेले गुपित आहे, उरलेली युद्धसामग्री आहे, डास आहेत आणि आपल्या झारखंडातील मुलेही आहेत. आजचा धागा या वाटेविषयी. तो वाचताना एका प्रश्नावर लक्ष ठेवा: चमक स्वस्त झाली, तेव्हा तिची उरलेली किंमत कोणी मोजली?

३/
प्रथम मेटॅलिक रंग म्हणजे काय, ते पाहू. साध्या रंगातील कण गोलसर भुकटीसारखे असतात. त्यांच्यावर पडलेला प्रकाश चहूकडे विखुरतो. मेटॅलिक रंगात ॲल्युमिनियमच्या चपट्या पापुद्र्या असतात. एकेक पापुद्री साधारण १० ते ३० मायक्रॉन रुंद आणि एका मायक्रॉनहूनही कमी जाड. माणसाचा केस सुमारे ७० मायक्रॉनचा, यावरून कल्पना यावी. प्रत्येक पापुद्री म्हणजे एक सूक्ष्म आरसा. असे असंख्य आरसे पृष्ठभागाला समांतर निजले की गाडी समोरून उजळ आणि तिरकस पाहिल्यास गडद दिसते. या रंगाचे सारे सौंदर्य आणि साऱ्या अडचणी त्या पापुद्र्या कशा निजतात यावर अवलंबून आहेत.

४/
पापुद्र्यांच्या चमकेचा पहिला मोठा धंदा गाड्यांशी संबंधित नव्हता, आणि तो धातूचाही नव्हता. सतराव्या शतकात पॅरिसमध्ये जाकँ नावाचा जपमाळा बनवणारा कारागीर होता. एका लहान नदीमाशाला धुतलेल्या पाण्यात मोत्यासारखी झाक उतरते, हे त्याच्या ध्यानात आले. खवल्यांवरचा तो चकाकता अंश गोळा करून त्याने काचेच्या पोकळ मण्यांना आतून लेप दिला आणि नकली मोती तयार केले. या लेपाला पुढे ‘पौर्वात्य अर्क’ अशा अर्थाचे फ्रेंच नाव पडले. मूठभर अर्कासाठी हजारो मासे लागत.

५/
खवल्यांतील तो चकाकणारा पदार्थ म्हणजे ग्वानिनचे चपटे स्फटिक. हे नाव ओळखीचे वाटले असेल. डीएनएच्या चार अक्षरांपैकी ‘जी’ हे अक्षर ज्याचे, तेच हे ग्वानिन. १९२० च्या दशकाअखेरीस श्रीमंतांच्या मोटारींना चमक देण्याची हौस निर्माण झाली, तेव्हा आरंभी हाच माशांचा अर्क रंगात मिसळला गेला. परिणाम मोहक होता. किंमत मात्र अशी की तो रंग मोजक्याच गाड्यांच्या नशिबी आला. सामान्य गाडीला चमकायचे असेल तर माशांहून स्वस्त असे काहीतरी हवे होते. ते धातूच्या भुकटीत होते, आणि त्या भुकटीची कथा शंभर वर्षे मागे जाते.

६/
आपल्याकडे वर्ख ठोकणारे कारागीर सोन्याचांदीचे पान वाऱ्याने उडेल इतके पातळ करत. जर्मनीतील न्यूरेंबर्ग आणि फ्यूर्थ या गावांत हेच तंत्र पितळ व कांशासाठी वापरले जाई. मिश्रधातूचे पान हातोड्याने ठोकून पातळ करायचे, त्याचे तुकडे मध किंवा डिंकासारख्या चिकट पदार्थात घालून हाताने खलायचे आणि शेवटी धुऊन ‘सोनेरी भुकटी’ काढायची. तसबिरींच्या चौकटी, पुस्तकांची अक्षरे, भिंतींवरील कागद या सर्वांना ही भुकटी लागे. सारे काम हाताचे, म्हणून भाव जबर.

७/
१८४० च्या सुमारास लंडनमधील एका तरुण अभियंत्याच्या बहिणीने फुलांची चित्रे काढून त्यांचा संग्रह बांधला. मुखपृष्ठावरील अक्षरे सोनेरी असावीत म्हणून भावाने बाजारातून थोडी भुकटी आणली. एका औंसाला सात शिलिंग. त्याने हिशोब केला: पौंडाला ११२ शिलिंग, आणि त्यातील कच्च्या धातूची किंमत जेमतेम शिलिंगभर. उरलेले सारे पैसे हाताच्या मजुरीचे! या अभियंत्याचे नाव हेन्री बेसेमर. जो धातू यंत्राने खलता येईल, तो शंभरपट भावाने का विकत घ्यावा, हा प्रश्न त्याला स्वस्थ बसू देईना.

८/
त्याचा पहिला प्रयत्न फसला. यंत्रातून भुकटी निघाली, पण ती निस्तेज होती. बऱ्याच काळाने त्याने जर्मन भुकटी आणि स्वतःची भुकटी सूक्ष्मदर्शकाखाली शेजारी-शेजारी ठेवली, तेव्हा उलगडा झाला. जर्मन कण सपाट पापुद्र्यांसारखे होते, त्याचे कण मात्र मुडपलेले, वळलेले. धातू तोच, आकार निराळा, म्हणून तेज निराळे. तिसऱ्या भागात सांगितलेले तत्त्व बेसेमरला अशा रीतीने डोळ्यांनी दिसले. त्याने यंत्रात सपाट करण्याची क्रिया जोडली आणि भुकटी झळाळू लागली.

९/
पुढे त्याने केले ते अधिक रोचक आहे. त्याने पेटंट घेतले नाही. पेटंट म्हणजे मुदतीनंतर साऱ्या जगाला खुली होणारी कृती. त्याऐवजी यंत्राचे भाग त्याने वेगवेगळ्या कारखान्यांकडून घडवून घेतले, जेणेकरून कोणा एकालाही पूर्ण रचना कळू नये. लंडनच्या सेंट पँक्रस भागातील घरामागे ती यंत्रे बसवली आणि कामावर नेमले ते पत्नीचे भाऊ. तीन दशकांहून अधिक काळ हे गुपित घरातच राहिले. १८५६ साली जगाला ठाऊक झालेल्या बेसेमर पोलाद-पद्धतीच्या प्रयोगांना याच भुकटीच्या नफ्याने आधार दिला. आधुनिक पोलादाच्या मुळाशी सोनेरी रंगाचा पैसा आहे, हे फारसे कोणी सांगत नाही. न्यूरेंबर्गच्या खलणाऱ्या हातांचे पुढे काय झाले, हे तर त्याहून कमी सांगितले जाते.

१०/
सोनेरी भुकटी आली. चंदेरी अजून बाकी होती. चांदी महाग आणि हवेत काळवंडणारी. ॲल्युमिनियम काळवंडत नाही, पण एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास तो मौल्यवान धातूंच्या पंक्तीत बसे. १८८४ साली वॉशिंग्टन स्मारकाच्या टोकावर मुद्दाम ॲल्युमिनियमचा कळस चढवला गेला, तो त्या मानामुळेच. दोनच वर्षांनी, १८८६ मध्ये, अमेरिकेत चार्ल्स हॉल आणि फ्रान्समध्ये पॉल एरू यांनी एकमेकांना न ठाऊक असता विजेच्या साहाय्याने हा धातू वेगळा काढण्याची पद्धत शोधली. भाव कोसळले. मानाच्या कळसाचा धातू हळूहळू स्वयंपाकघरातील पातेल्यांत आला आणि रंगाच्या भुकटीतही.

११/
भुकटीला मात्र एक भयंकर खोड होती. ॲल्युमिनियमची कोरडी, बारीक धूळ हवेत मिसळली की एका ठिणगीने तिचा स्फोट होतो. दिवाळीच्या फटाक्यांतील लखलखाट याच गुणावर चालतो. १९२० च्या दशकात अमेरिकेत यावर उपाय निघाला. फिरत्या पिंपात पोलादी गोळ्या, ॲल्युमिनियमचे कण, रॉकेलसदृश द्रव आणि थोडे स्निग्धाम्ल एकत्र घालून दळायचे. धूळ उडतच नाही. हाती येतो चंदेरी लगदा. गोळ्यांच्या माराने कण आपोआप चपटे होतात. बेसेमरला जे कष्टाने साधावे लागले, ते आता पिंप फिरवून साधू लागले.

१२/
आता मोटारीकडे वळू. विसाव्या शतकाच्या आरंभी गाडी रंगवणे हे घोड्याच्या बग्गीसारखेच काम होते: कुंचल्याने तेलरंग आणि व्हार्निश यांचे थरावर थर, प्रत्येक थर वाळण्याची प्रतीक्षा आणि मध्ये घासकाम. एकेका गाडीला कित्येक आठवडे लागत. १९१३ साली हेन्री फोर्डने सरकती जोडणी सुरू केली, तेव्हा सांगाडा जोडण्याचा वेळ बारा तासांहून सुमारे दीड तासावर आला. रंगाला इतका धीर धरणे परवडणारे नव्हते. म्हणून १९१४ ते १९२५ या काळात मॉडेल टी गाडी फक्त काळ्या रंगात मिळे; तो रंग स्वस्त होता, टिकाऊ होता आणि भट्टीत भाजून लवकर पक्का करता येई.

१३/
ही कोंडी फोडली ती एका अपघाताने. सेल्युलोज आणि नायट्रिक आम्ल यांपासून बनणारे नायट्रोसेल्युलोज हे तोफांच्या दारूचे द्रव्य. पहिल्या महायुद्धात ड्यूपाँ कंपनीने त्याचे प्रचंड उत्पादन केले. युद्ध संपले, गिऱ्हाईक संपले. त्याच द्रव्यापासून सिनेमाची फिल्मही बनत असे. १९२० साली न्यू जर्सीतील पार्लिन येथील फिल्म कारखान्यात या द्रव्याचे एक पिंप उन्हाळ्यातील सुट्टीत तसेच पडून राहिले. कामगार परतले तेव्हा आतील दाट चिकट पदार्थ पातळ सरबरीत झालेला. पातळ असूनही त्यात घन द्रव्य भरपूर, म्हणजे रंग कालवण्यास उत्तम. त्यातून ‘ड्युको’ हा रंग जन्मला.

१४/
१९२३ साली जनरल मोटर्सच्या ओकलंड गाड्या ड्युकोच्या निळ्या रंगात बाजारात आल्या. आठवड्यांचे काम तासांवर आले. पण येथे एक गंमत आहे. ड्युको इतका झपाट्याने वाळे की कुंचल्याचा दुसरा फटका मारेपर्यंत पहिला फटका चिकट होऊन ओढला जाई. हा रंग कुंचल्याने लावणेच अशक्य. त्याला फवाराच हवा. म्हणजे फवारा कारखान्यात घुसला तो हौसेने नव्हे. रंगाच्या रसायनाने त्याला बोलावून आणले. आणि योगायोग असा की पापुद्र्यांनाही फवाराच मानवतो, कारण कुंचल्याच्या केसांमागे त्या रेघोट्यांत ओढल्या जातात.

१५/
फवारा आला कोठून? एका डॉक्टरच्या दवाखान्यातून. अमेरिकेतील ओहायो राज्यातील टोलेडो येथे डॉ. ॲलन डीव्हिलबिस घशाचे विकार पाहत. रुग्णाच्या घशात औषध लावण्यासाठी कापसाचा बोळा वापरण्याऐवजी त्यांनी १८८८ मध्ये रबरी फुगा दाबून औषधाचे तुषार उडवणारे साधन तयार केले. त्यांचे पुत्र थॉमस यांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात तेच तत्त्व दाबयुक्त हवेला जोडून रंगाची पिस्तुल-वजा बंदूक बनवली. प्रथम ती लाकडी सामानासाठी चालली. ड्युको आल्यावर मोटार कारखान्यांत तिच्यावाचून पान हलेना.

१६/
‘ड्युको’ हा शब्द तुम्ही ऐकला असेलच. आजही महाराष्ट्रात सुतारकाम करणारे मिस्त्री गुळगुळीत फवारलेल्या कपाटाला ‘ड्युको मारलाय’ म्हणतात. रंगाची कंपनी कोणतीही असो. शंभर वर्षांपूर्वीचे एक व्यापारी नाव असे सामान्यनाम होऊन आपल्या भाषेत मुरले आहे. मेक्सिकोचे चित्रकार डेव्हिड सिकेरोस यांनीही हा मोटारींचा रंग आणि ही बंदूक भित्तिचित्रांसाठी उचलली. १९३६ साली न्यूयॉर्कमधील त्यांच्या प्रयोगशील कार्यशाळेत ओतलेल्या व फवारलेल्या रंगांचे प्रयोग पाहणाऱ्यांत तरुण जॅक्सन पोलॉकही होता.

१७/
इथपर्यंत फवारा म्हणजे बंदूक, नळी आणि कंप्रेसर. घरी हे कोण ठेवणार? १९२६-२७ च्या सुमारास नॉर्वेच्या एरिक रोथाइम यांनी द्रव आणि दाबयुक्त वायू एकाच डब्यात कोंडून झडपेतून सोडण्याची कल्पना मांडली. ती बरीच वर्षे अडगळीत पडली. दुसऱ्या महायुद्धात प्रशांत महासागरातील बेटांवर अमेरिकी सैनिक मलेरियाने आजारी पडू लागले, तेव्हा त्यांच्या कृषी खात्यातील गुडह्यू आणि सलिव्हन यांनी ती कामी आणली: कीटकनाशक आणि क्लोरोफ्लुरोकार्बन वायू भरलेला डबा. सैनिक त्याला ‘बग बॉम्ब’ म्हणत. युद्धानंतर डबे हलके झाले, १९४९ मध्ये स्वस्त झडप निघाली आणि घराघरांत सुगंधी फवारे शिरले.

१८/
त्याच वर्षी, १९४९ मध्ये, इलिनॉय राज्यातील सिकॅमोर गावात एडवर्ड सेमूर नावाचे रंग-व्यावसायिक एका अडचणीत होते. खोली तापवणाऱ्या रेडिएटरसाठी त्यांनी ॲल्युमिनियमचा रंग तयार केला होता. गिऱ्हाइकाला तो चटकन लावून कसा दाखवावा, हा प्रश्न. पत्नी बॉनी यांनी सुचवले, त्या सुगंधी फवाऱ्यासारखा डबा का करत नाही? सेमूर यांनी रंग डब्यात भरला. जगातील रंगाचा पहिला स्प्रे-डबा म्हणून ज्याची ओळख आहे, तो हा. आणि त्यात होता चंदेरी धातूचाच रंग. मेटॅलिक रंग डब्यात मागाहून आला नाही. डब्याची सुरुवातच त्याने झाली.

१९/
मात्र रेडिएटर आणि मोटार यांत फरक आहे. रेडिएटरच्या रंगातील पापुद्र्यांना असे स्निग्धाम्ल चोपडलेले असते की त्या तरंगत वर येतात आणि सायीसारखा अखंड थर धरतात. मोटारीच्या रंगात पापुद्र्या थराच्या आत विखुरलेल्या राहाव्या लागतात. तेव्हाच त्यांच्यावर निळी, तांबडी, हिरवी झाक खेळते. या विखुरलेल्या पापुद्र्या नेमक्या कशा निजतील, हे फवारणाऱ्याच्या हातावर ठरते. थर ओला बसला तर त्या वाळेपर्यंत उलथतात, तिरक्या होतात आणि रंग गडद भासतो. कोरडा, हलका फवारा मारला तर त्या सपाट निजतात आणि रंग उजळतो. डबा एकच, पण छटा दोन.

२०/
म्हणून घरी गाडीचे एखादे दार रंगवणाऱ्याची खरी परीक्षा मेटॅलिक रंग घेतो. हात क्षणभर थबकला की तेथे काळसर ढग उमटतो. अंतर बदलले की पट्टे दिसतात. डब्यातील वायू सुटताना डबा गार पडतो, दाब उतरतो, थेंब मोठे होतात आणि छटा आपोआप बदलते. म्हणूनच जाणकार डबा अधूनमधून कोमट पाण्यात धरतात, शेवटचा थर लांबून व अगदी हलका मारतात आणि ओरखड्यापुरता ठिपका न देता रंग शेजारच्या भागात विरवत नेतात. डेंटिंग-पेंटिंगच्या दुकानात एका दाराच्या कामासाठी शेजारचा पत्राही का धरतात, याचे उत्तर यात आहे. ती लबाडी असेलच असे नाही. पापुद्र्यांचा तो नियमच आहे.

२१/
या अवघड रंगाला घरगुती हातांनीच कलेच्या पदावर नेले. १९५० च्या दशकात कॅलिफोर्नियातील तरुण जुन्या गाड्या विकत घेऊन घरच्या गॅरेजात त्यांना नवे रूप देऊ लागले. जो बायलन यांनी सोनेरी वा चंदेरी धातूच्या थरावर पारदर्शक तांबड्याचे थर चढवून साखरेच्या पाकात बुडवलेल्या सफरचंदाची खोली आणली. पूर्व लॉस एंजलिसमधील मेक्सिकन-अमेरिकन वस्त्यांत तर अशी गाडी हा अभिमानाचा विषय झाला. हेसूस ‘जेसी’ वालदेस यांची गुलाबांनी नटलेली १९६४ ची इम्पाला, ‘जिप्सी रोझ’, १९७४ साली सुरू झालेल्या एका दूरचित्रवाणी मालिकेच्या आरंभी झळकली. ज्यांना नव्या गाड्यांच्या दालनात मान नव्हता, त्यांनी जुन्या गाडीवर तो स्वतः फवारून घेतला.

२२/
आता हिशोबाची दुसरी बाजू. चमक घरी आली तशी तिची वाफही घरी आली. उन्हे प्रखर असलेल्या लॉस एंजलिसमध्ये रंगांतील द्रावकांची वाफ आणि वाहनांचा धूर यांतून धुरके तयार होई. म्हणून तेथे १९६० च्या दशकातच द्रावकांवर निर्बंध आले. पुढे धातूच्या थरावर स्वतंत्र पारदर्शक थर देण्याची पद्धत रूढ झाली. पापुद्र्या सुरक्षित राहिल्या, तकाकी वर्षानुवर्षे टिकू लागली. परंतु त्या पारदर्शक थराचा दोन भाग मिसळून पक्का होणारा प्रकार आयसोसायनेट या रसायनांवर चालतो. त्यांचे तुषार श्वासात गेले की दमा जडू शकतो आणि एकदा जडला की अत्यल्प मात्राही पुरते. गाड्या रंगवणाऱ्यांमधील व्यवसायजन्य दम्याचे हे एक प्रमुख कारण आहे. नाकाला बांधलेला रुमाल त्यापुढे निरुपयोगी. बाहेरून शुद्ध हवा पुरवणारा मुखवटाच लागतो.

२३/
डब्यातील वायूचाही हिशोब निघाला. १९७४ साली मारिओ मोलिना आणि शेरवूड रोलंड यांनी दाखवले की निरुपद्रवी समजले जाणारे क्लोरोफ्लुरोकार्बन वायू वातावरणाच्या उंच थरात पोहोचून ओझोन नष्ट करतात. १९७८ मध्ये अमेरिकेने अनावश्यक फवाऱ्यांत त्यांचा वापर थांबवला. १९८५ मध्ये अंटार्क्टिकावरील ओझोनचे छिद्र जगासमोर आले, १९८७ मध्ये माँट्रिऑल करार झाला आणि १९९२ मध्ये भारतही त्यात सामील झाला. आजच्या डब्यांत बहुधा प्रोपेन, ब्युटेनसारखे वायू असतात. ओझोन वाचला, डबा मात्र ज्वालाग्राही झाला. स्वयंपाकाच्या सिलिंडरला जो मान द्यायचा, तोच या डब्यालाही.

२४/
आणि आता झारखंड. माशांच्या अर्काची मोत्यासारखी झाक ॲल्युमिनियमला साधत नाही. ती साधली अभ्रकाने. १९६० च्या दशकात अभ्रकाच्या पापुद्र्यांवर टायटॅनियम डायऑक्साइडचा अतिपातळ थर चढवण्याचे तंत्र आले. १९८० च्या दशकापासून मोटारींचे ‘पर्ल’ रंग त्यातून बनू लागले. जगातील उत्तम अभ्रक जेथे मिळतो अशा प्रदेशांत कोडरमा-गिरिडीह हा पट्टा अग्रगण्य आहे. १९८० च्या वनसंवर्धन कायद्यानंतर तेथील अनेक अधिकृत खाणी बंद पडल्या. गरिबी बंद पडली नाही. सोडलेल्या खाणींच्या बिळांतून आणि ढिगांतून ‘ढिब्रा’ म्हणजे अभ्रकाचे तुकडे वेचण्याचे काम कुटुंबे करत राहिली, आणि त्यांच्यासोबत लहान मुलेही.

२५/
२०१६ साली रॉयटर्स या वृत्तसंस्थेने शोध घेतला, तेव्हा दोन महिन्यांत सात मुले अशा खाणींत मरण पावल्याचे उघड झाले. त्या मृत्यूंची कोठे नोंद नव्हती, कारण कागदोपत्री त्या खाणीच अस्तित्वात नव्हत्या. त्यानंतर मोठ्या कंपन्यांनी आपला अभ्रक कोठून येतो याची चौकशी सुरू केली. २०१७ मध्ये त्यासाठी संयुक्त उपक्रम उभा राहिला. प्रयोगशाळेत बनलेल्या कृत्रिम अभ्रकाचा वापरही वाढू लागला. प्रश्न सुटला असे म्हणता येत नाही. परंतु आठ वर्षांच्या मुलाच्या बोटांतून निघालेला पापुद्रा गाडीच्या बॉनेटवर चमकतो, हे निदान आता कोणाला नाकारता येत नाही.

२६/
बेसेमरने आरंभी जो हिशोब मांडला, तो पुन्हा पाहा: धातूची किंमत शिलिंगभर, उरलेले १११ शिलिंग माणसांच्या हातांचे. त्याने ते हात यंत्राने बदलले आणि भुकटी स्वस्त झाली. पुढे प्रत्येक टप्प्यावर तसेच घडले. पण प्रत्येक वेळी थोडी किंमत दुकानाच्या पावतीवरून पुसली जाऊन दुसऱ्या कोणाच्या खात्यावर चढली: रंगाऱ्याच्या फुप्फुसांवर, ओझोनच्या थरावर, कोडरम्याच्या मुलांवर. ती खाती उघडी पडली ती आपोआप नव्हे. कोणीतरी वातावरणाची रसायने मोजली, कोणीतरी दम्याची कारणे शोधली, कोणीतरी बिळापर्यंत चालत गेले.

२७/
पेणच्या कारखान्यात गणपतीच्या मुकुटाला सोनेरी फवारा मारणारा कारागीर असो, रस्त्यालगत दुचाकीची टाकी चंदेरी करणारा पोरगा असो किंवा अंगणात गाडीचे दार रंगवणारे तुम्ही असा. या तीन शतकांचे वारसदार सारेच आहेत. स्वतःच्या हाताने वस्तू पुन्हा उजळवण्यात जो आनंद आहे, तो सोडण्याचे कारण नाही. फक्त पुढच्या वेळी डबा हलवाल तेव्हा मोकळ्या हवेत, चांगला मुखवटा बांधून हलवा. आणि गोळी खडखडू लागली की तळाशी काय बसले आहे, ते एकदा आठवा.

धागा येथे संपतो. तुमच्या भागातील रंगारी मंडळींकडे ‘ड्युको’सारखे आणखी जुने शब्द असतील तर खाली जरूर लिहा, असे शब्द म्हणजेही इतिहासाची साधने आहेत.